पत्त्यावर कोणी राहत नाही

घराच्या कर्जासाठी मंचरच्या बँकेत मी इतके हेलपाटे घातले, की तिथला वॉचमन मला चहाला हाक मारू लागला. पगाराचे दाखले दिले तर घराच्या मालकीचा सर्च रिपोर्ट जुना झाला, तो नवा आणला तर फोटो जुना ठरला. चार महिन्यांत माझं थोबाड असं काय बदलणार होतं? पण नवा फोटो काढून दिला. घर विकणाऱ्यानं महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती आणि त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

ते घर मला आईसाठी हवं होतं. आम्ही मेंढरंवाले. वडील कळप घेऊन रानोरान फिरायचे आणि आई घोड्यावर संसार लादून त्यांच्या मागं. आज या शेतात, परवा त्या. तीन दगड मांडायचे, भाकरी थापायची, पुन्हा सगळं उचलायचं. वडील गेल्यावर मेंढरं विकली आणि तिला लोणीत माझ्या भाड्याच्या खोलीवर आणलं. नवं घर दाखवायला नेलं तेव्हा ती स्वयंपाकाच्या ओट्यावरून नुसता हात फिरवत राहिली.

मुदतीला दहा दिवस उरले असताना बँकेतल्या साहेबांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. बँकेकडून पत्त्याची चौकशी करायला गेलेल्या माणसानं लिहिलं होतं, ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.’

मी भडकलो. “कुणाला विचारलं यानं?”

“दारात एक म्हातारी बसली होती म्हणे. तिनंच सांगितलं.”

तणतणतच घरी आलो आणि आईवर डाफरलो. तिनं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. “हातात कागद, खिशाला पेन. तुझं नाव इचारीत व्हता. मला काय ठावं बाबा, बँकेचा हाय म्हणून?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रानात कागद-पेन घेऊन येणारा म्हणजे मेंढरं चारल्याबद्दल दंड करणारा. ‘मेंढरं कुणाची?’ असं त्यानं विचारलं, की सगळ्या बाया एकच सांगायच्या, ठावं न्हाई, आमी आजच आलो, उद्या जाणार. लहानपणी मीही तेच सांगितलंय. तिनं तिच्या परीनं मला वाचवलं होतं, आणि मी तिच्यावर डाफरलो होतो. फार वाईट वाटलं.

साहेबांना सगळं सांगितलं. भला माणूस, हसला नाही. त्याच माणसाला पुन्हा पाठवतो म्हणाला.

त्या दिवशी आई सकाळपासून नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. दुपार टळल्यावर तो आला. माझ्याकडं न बघता त्यानं तिलाच विचारलं, “आजी, इथं कोण राहतं?”

तिनं आधी त्याच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“आमी,” ती शेवटी म्हणाली. “मी आन् माझा ल्योक. आमी हितंच राहतो.”

उभ्या जन्मात हे वाक्य ती पहिल्यांदा बोलत होती. त्यानं ते लिहून घेतलं, आणि त्याच्यावरच पुढं मुदतीच्या आत कर्ज मंजूर झालं. पण त्या दुपारी तो गाडीला किक मारून निघून गेला, तरी आई मोकळ्या रस्त्याकडं बघून सांगतच होती, “हितंच राहतो. उद्या कुठं जायचं न्हाई.”