बघण्यासारखा जिना

त्या रविवारी सकाळपासून मला एका जागी बसवत नव्हतं. ड्रेस्डेनमध्ये सप्टेंबरात एक दिवस जुन्या इमारती लोकांना बघायला उघडतात आणि यंदा त्यात आमची इमारत होती. इमारत कसली, आमचा जिना. लाकडी, वळणदार, आणि बाजूच्या भिंतीवर जुनी रंगवलेली वेलबुट्टी, चुन्याच्या थरांखालून पुन्हा बाहेर काढलेली. दारावर डेन्कमालशुट्सची पाटी, म्हणजे ही वास्तू जपायची, हिला कोणी हात लावायचा नाही.

आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या सासूबाई! सासरे गेल्यावर भारतातून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. मे महिन्यात हा जिना चढल्या आणि दोन्ही गुडघे टम्म सुजले. त्यानंतर खाली उतरल्याच नाहीत. वळणावर पायऱ्या निमुळत्या होतात, तिथे भिंतीकडूनही धरायला काहीतरी हवं. मी त्या जुन्या वास्तूंच्या ऑफिसकडे फक्त एक दांडा बसवायची परवानगी मागितली. उत्तर आलं, भिंतीला एकही भोक पाडायचं नाही. लिफ्टचं तर नावच काढायला नको.

नवरा कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत शिफ्टला गेलेला. मी खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

"अगं, बस की जरा! मलाच गरगरायला लागलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती, माणसं येणार म्हणून.

"अहो आई, ती आपल्याकडे येत नाहीयेत. जिना बघायला येताहेत."

"दारापर्यंत येणार ना? मग झालं तर."

घोळका वर आला तेव्हा त्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन दारात उभ्या. जिन्यात खायचं नसतं, असं गाईडने नम्रपणे सांगितलं, तरी दोघीतिघींनी घेतलेच. त्यांतल्या एक आजी मला म्हणाल्या, किती भाग्यवान तुम्ही, रोज या जिन्यावरून ये-जा करता! मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई हसल्या.

"त्यांना सांग, मी आल्यापासून एकदाही उतरले नाहीये."

सांगितलं. चांगलं ठणकावून, त्या दांड्याच्या भानगडीसकट सांगितलं. मग गाईड "आल्झो...", म्हणजे आपलं "तर मग...", करत वेलबुट्टीकडे वळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात सासूबाईंनी डबा माझ्या हातात दिला, निऱ्या आवरल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसकण मारली.

"अहो, काय करताय?"

"उतरतेय."

बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकू लागल्या. वाट द्यायला माणसं मागे सरली, तसा गाईड ओरडला, भिंतीला टेकू नका! मी सरळ मराठीत म्हटलं, "मेल्या, भिंत दिसते, माणूस दिसत नाही?" कोणीतरी हात पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मला लाज वाटत होती की राग येत होता, कुणास ठाऊक. रडू मात्र येत होतं.

खाली दारासमोरच्या बाकावर त्या टेकल्या. धाप लागली होती, पण तोंडावर ऊन घेत डोळे मिटून बसल्या. मग समोरून ट्राम गेली, आतल्या एका बाळाला त्यांनी हात केला. इतकं खुललेलं मी त्यांना इथे आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"मी भांडते परत त्या ऑफिसशी," मी म्हटलं. "सोडत नाही त्यांना."

"भांड, जरूर भांड. पण आधी माझी बॅग खाली आण. तुझ्या त्या मैत्रिणीकडे लिफ्ट आहे ना? परतीचं तिकीट मिळेपर्यंत तिच्याकडे राहते. माझ्या लेकाला मी सांगते काय ते."

"असं काय करताय, आई? घर तुमचंच आहे."

"आहे गं. पण आता पुन्हा वर चढले ना, तर मला चौघांनी उचलूनच खाली आणावं लागेल."

मी बॅग आणायला वर गेले.