खुडूक कोंबडी आणि आमच्या आक्का

नेरे गावातल्या आमच्या घरमालकीण आक्कांना भीडभाड म्हणून नव्हती. मी लातूरची, आयटीतल्या नोकरीपायी त्यांची भाडेकरू झालेली, सदतीस वर्षांची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्यात गाठलं. "लग्नाला पाच वर्सं झाली? मग डाक्टरला दाखिवलं का न्हाई?" मी दार लावून घेतलं.

दाखवत तर होतेच. दिवसाआड सोनोग्राफी, फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, किती मिलिमीटर वाढलं ते बघायला. पुढे ओळख वाढल्यावर हे त्यांना समजावताना माझी फे फे उडाली. त्या कोंबडी साफ करत होत्या. "हितं ये," म्हणाल्या आणि तिच्या पोटातले पिवळे बलक दाखवले, मोहरीएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत. "ह्येच ना? ह्यो मोठा आदी सुटनार." डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलेलं मला त्या मोरीपाशी कळलं. फरक एवढाच, की बायकांत दर महिन्याला बहुधा एकच फॉलिकल पुरतं वाढतं, बाकीची जिरून जातात. आणि माझ्याकडे मुळात थोडीच उरली होती.

तेव्हापासून मी दवाखान्यातून आले की हाक यायची, "आज किती?" अकरा. तेरा. पुन्हा तेराच. ऐकताना आक्कांचा घास हातातच राहायचा. एकदा अठरा आलं, अंडं सुटायच्या बेताचं, तर त्यांनी सगळ्या खोल्यांतल्या भाडेकरूंना चहा पाजला. मी शरमेने लाल झाले. त्या महिन्यातही काही झालं नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या बाईचं अंडं घ्यावं लागेल. मी रडतच आक्कांना सांगितलं.

"खुडूक कोंबडीखाली मी शेजारनीची अंडी ठिवते," त्या म्हणाल्या. "कुनाची म्हून ती इचारत न्हाई. बसती उबवत."

"मी कोंबडी नाही, आक्का!" मी किंचाळले आणि त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

तीन आठवड्यांनी आक्का झोपेतच गेल्या. दहाव्याला त्यांचा मुलगा दत्ता लहान पोरासारखा रडत होता. आक्कांची नणंद माझ्या कानाशी लागली. "पोटचा न्हाई तो तिच्या. धाकटी वयनी बाळंतपनात गेली, तवा आठ दिसाचा उचलला हिनं."

आक्का स्वतःबद्दल बोलत होत्या, आणि मी त्यांच्यावर ओरडले होते.

परवा मी दुसऱ्या बाईचं अंडं घ्यायच्या फॉर्मवर सही केली. गर्भ राहील का, राहिला तर तो मला आपला वाटेल का, हीच धास्ती दिवसभर असते. दत्ताला पहिल्यांदा कुशीत घेताना तुम्हालाही अशी भीती वाटली होती का, हे आक्कांना विचारायचं राहून गेलं.