जिन्यात राहिलेले निरोप

शेठने फुटबॉलचा संघ विकत घेतला तेव्हा त्याला त्या खेळातलं काडीचंही कळत नव्हतं, आणि ही उणीव त्याने पुढेही मोठ्या निष्ठेने जपली. त्याचा नळाच्या तोट्यांचा कारखाना होता. आपल्या तोट्या गळत नाहीत, म्हणजे आपल्याला जगातलं सगळंच कळतं, असा त्याचा सरळ हिशेब. आता पैसेवाल्याला शहाणपण कोण शिकवणार?

संघाबरोबर मैदानातल्या पायऱ्यांखालची एक खोलीही शेठच्या मालकीची झाली, आणि तिथे बायकोसह राहणारे टपालबुवाही. टपालबुवा म्हणजे क्लबचे जुने शिपाई. हे नाव खेळाडूंनी ठेवलेलं, कारण कामच तसं. शेठ बसायचा सगळ्यात वर, काचेच्या खोलीत. कोच खाली, मैदानाच्या कडेला. नोकरासाठी स्वतः जिना उतरायची शेठच्या घराण्यात पद्धत नव्हती, आणि कोच म्हणजे तरी कोण, पगारी नोकरच की! मग ऐन सामन्यात शेठ फर्मावणार, "त्या लांबड्याला काढ म्हणावं," आणि बुवा धापा टाकत जिना उतरून ते कोचच्या कानात घालणार. तोवर लांबड्याने गोलही मारलेला असायचा. पण हुकूम तो हुकूम. लांबड्या बाहेर.

संघ हरायचा. हरला की शेठ कोच बदलायचा. किती आले नि किती गेले! एकाने तर सामानाची दोरीच सोडली नाही. शहाणा माणूस.

"अहो, दरवेळी कोचच कसा हो वाईट निघतो?" बुवांच्या बायकोने एकदा विचारलं.

"मालक बदलता येत नाही म्हणून," बुवा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मग आला बुटका कोच. आधी शाळेत कवायत शिकवायचा. पहिल्या सामन्यात बुवा निरोप घेऊन खाली आले तर हा म्हणाला, "बुवा, आधी बसा. पाणी प्या. मग सांगा." अशी विचारपूस बुवांची त्या मैदानावर कुणी केली नव्हती. निरोप ऐकून कोचचा चेहरा पडला, पण त्याने मुकाट्याने गडी बदलला. सामना हरला. दुसऱ्या सामन्यात तेच. याचंही बिऱ्हाड लवकरच हलणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिसऱ्या सामन्यात बुवा निघाले आणि जिन्याच्या वळणावर त्यांचा गुडघा धरला. जरा टेकावं म्हणून बसले, तर बाहेर एकच गलका! घाबरून बुवा तसेच माघारी वर गेले.

"बघितलंस?" शेठ टाळ्या पिटत होता. "लांबड्याला काढला नि लगेच गोल!"

लांबड्या मैदानातच होता. गोल त्यानेच मारला होता. पण इतक्या उंचावरून शेठला सगळे सारखेच दिसत. लांबड्या आणि गोलचा खांब यांत खांब हलत नाही, एवढाच काय तो फरक.

"होय शेठ," बुवा म्हणाले. तोंडातून 'होय' गेलं ते गेलं.

त्या दिवसापासून निरोप खाली जाईनासे झाले. बुवा जिन्यात बसायचे, घाम पुसायचे, वर येऊन "सांगितलं" म्हणायचे. यामागे काही खोल विचार होता, असं कृपा करून समजू नका. ऑफसाइड म्हणजे काय हे आजवर कुणाचा बापही बुवांना समजावू शकलेला नाही. एक तर गुडघे, आणि दुसरं म्हणजे तो बुटका टिकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. बायकोला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "हे फुटलं तर नोकरी जाईल, खोली जाईल. या वयात डोकं कुठे टेकायचं आपण?"

संघ मात्र सुटलाच! शेठ पेपरवाल्यांना मुलाखती देऊ लागला, "निर्णय सगळे वरूनच होतात." आणि बघता बघता कप आला.

सत्काराला शेठ भरपूर बोलला. कुठला गडी कधी बदलला, सगळं आपल्याच डोक्यातून कसं निघालं, हे त्याने रंगवून सांगितलं. मग माइक कोचच्या हातात गेला. भोळा बिचारा! म्हणाला, "असा मालक मिळायला नशीब लागतं. पहिले दोन सामने सोडले तर अख्ख्या हंगामात वरून एक शब्द आला नाही."

पेपरवाले फिदीफिदी हसले. शेठची मान हळूहळू बुवांकडे वळली. बुवांची पाचावर धारण बसली.

काचेच्या खोलीत शेठने दार लावून घेतलं. "एकही निरोप नाही पोचवलास?"

"पहिले दोन पोचवले होते," बुवा चाचरत म्हणाले. "तेव्हा हरलो."

शेठने मनात हिशेब मांडला. बुवांना हाकलावं तर का हाकललं ते लोक विचारणार, आणि मग कोच बोलला ते खरंच होतं हेही निघणार. अब्रूचा सवाल होता हो!

"तू राहशील," शेठ शेवटी म्हणाला. "पण आता एक निरोप आहे, आणि हा पोचला नाही तर खोलीतली भांडी रस्त्यावर. त्या बुटक्याला सांग, उद्यापासून येऊ नको."

बुवा जिन्याच्या वळणावर थांबले. कठडा धरून उभे राहिले. स्वतःची त्यांना मनस्वी चीड आली. मग ते खाली उतरले आणि सांगून मोकळे झाले.

कोच बुटाची नाडी बांधत होता, ती त्याने तशीच सोडली. मग बुवांचा चेहरा बघून त्यानेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमचा काय दोष? शेठना माझा नमस्कार सांगा. वर्षभर त्यांनी मला मोकळं सोडलं, ते उपकार मी विसरणार नाही."

खरं काय ते बुवांच्या जिभेवर आलं होतं. तिथेच राहिलं. ते वर गेले आणि कोचचे शब्द जसेच्या तसे शेठला सांगितले.

"माणूस गुणी होता," शेठ मान डोलवत म्हणाला.

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"खोली राहिली," बुवा म्हणाले.

"मग रडता कशाला?"