धर्मा तांडेलाचा खर्ज

थळच्या भजनी मंडळात मी झांजा वाजवायचो, त्या अधिकारानं सांगतो: धर्मा तांडेलाएवढा हट्टी गवई मी दुसरा पाहिला नाही. होडीवर तो तांडेल, सुकाणू त्याच्या हातात. देवळातही आपणच तांडेल, अशी त्याची समजूत. आवाज मात्र खणखणीत. काळी चारच्या पट्टीत सूर लावून तो वर चढला की ऐकायला शेजारच्या पाड्यातली माणसं यायची.

येत नव्हती ती फक्त त्याची बायको, नीराबाई. मोठ्या तापात तिचे कान गेले होते. "नुसती तोंडं बघत बसायची, त्यापरीस बोंबील वाळवलेले बरं," म्हणायची.  सगळ्यांनी वाहवा केली तरी घरी जाताना धर्माचं तोंड उतरलेलं असायचं.

छप्पन-सत्तावन्नच्या सुमारास थळात पहिली इंजिनाची होडी आली. नीराबाई किनाऱ्यावर पाठमोरी बोंबील टांगत होती. इंजिन धडधडलं तशी ती वळली आणि म्हणाली, "ही कुणाची रं होडी?" धर्मा शेजारीच उभा. ती पुन्हा कामाला लागल्यावर त्यानं मागून खणखणीत हाक मारली. काही नाही. मग त्यानं छातीतून, अगदी खालून हुंकार दिला. तिनं मान वळवली.

त्याच संध्याकाळी धर्मानं देवळात येऊन जाहीर केलं, "आजपास्नं मी खाली गानार. तंबोरा उतरवा."

"गळा बसला असं सरळ सांग ना," पेटीवाला सदा म्हणाला.

खरं कारण धर्मानं मला एकट्याला सांगितलं आणि वर दम दिला, "बोलू नको कुनाला. न्हाय ऐकू आलं तर तिला उगाच वाईट वाटंल."

त्यानं खुंटी पिळून खर्जाची तार सैल केली. तार लोंबकळली आणि घोडीवर, म्हणजे भोपळ्याकडे तारा टेकतात त्या तुकड्यावर, फडफडायला लागली. सूर कसला, नुसता खडखडाट. म्हणून आम्ही तंबोरा खांद्यावर टाकून अलिबागला कोंडाजीकडे गेलो. तो सुतार, पण वाद्यंही दुरुस्त करायचा.

"सैल केली तर तार मरते," कोंडाजी म्हणाला. "खालचा सूर पायजे तर तार जाड घ्या आनि ताणून बसवा."

त्यानं जाड पितळी तार निवडली. ती खुंट्यांजवळच्या भोकातून जाईना, तेव्हा भोक मोठं केलं. घोडी ठेंगणी पडली, तिच्याखाली लाकडाची पातळ चकती सरकवली. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसला. एका जागी तार अशी घुमली की आम्ही बसलो होतो ते बाकडं थरथरलेलं मांडीला जाणवलं. धर्मा लहान पोरासारखा हसला.

घरी येऊन मात्र त्यानं सगळी माती केली. खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडेल म्हणून तारा आणि भोपळा मुशी माशाच्या उग्र वासाच्या तेलानं माखून काढला. होडीला आम्ही तेच लावतो; लाकूड दिसलं की कोळ्याचा हात त्या तेलाच्या डब्याकडे जातोच. गुरुवारी तंबोरा छेडला तर गोणपाट झटकल्यासारखा आवाज आला आणि पहिल्याच अभंगाला गावातल्या मांजरी देवळात हजर झाल्या. एक तर भोपळा चाटत बसली. मला हसू आवरेना. धर्मा मांजरींना सोडून माझ्यावर खेकसला.

कोंडाजीनं नाकाला फडकं बांधून भोपळा राखेनं घासला, तारा बदलल्या आणि तांडेलाला सुनावलं, "यापुढं कोरडं फडकं. तेल तुमच्या होडीला घाला."

पुढच्या गुरुवारी धर्मानं नीराबाईला जवळजवळ ओढतच आणलं आणि तंबोऱ्याला खेटून बसवलं. सदा कुरकुरत पेटीच्या खालच्या सुरांवर आला. आवाज खाली यावा म्हणून मृदंगाला कणीक जास्त लावली. धर्मा गायला लागला आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते आवडलं नाही. त्याच्या गाण्याचा सगळा रुबाब वरच्या सुरात होता. इथं तो जाड, संथ, दमल्यासारखा वाटत होता. त्याचं लक्ष फक्त बायकोकडे. ती जमिनीकडे बघत बसलेली, हलत नव्हती की डुलत नव्हती. अभंग संपला तरी तशीच. धर्माकडे बघायचा मला धीर होईना.

मग ती मान वर करून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "आवाज म्हातारा झाला तुमचा."

 सदाला वाटलं, आता जुंपणार.

"व्हय, झाला," धर्मा म्हणाला. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि त्याच पट्टीत पुढचा अभंग धरला. मला इतका आनंद झाला की झांजांचा ठेका चुकला. काळी चारला तो पुन्हा कधी गेला नाही.