डाव्या बाजूची पेटी

जुन्या टेपरेकॉर्डरचा डावा स्पीकर कधीपासून मुका होता. एकदा दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करून पाहिली, तर उजवा मुका झाला. म्हणजे स्पीकर ठणठणीत होते, बिघाड आत होता. मावशीच्या गाण्याची घरगुती कॅसेट लावून आतली धूळ सुटावी म्हणून मी बॅलन्सचं बटण पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो. थोडी खरखर झाली, मुकी बाजू जागी झाली आणि मावशीच्या आवाजाशेजारी एकदम पेटी वाजू लागली.

भाजी निवडणारी आई थबकली. “अरे, ही तर मी!”

ऐकू येत नाही म्हणजे वाजतच नाही, असं आपण किती गोष्टींबाबत धरून चालतो!

“थांब, पुढे माझी एक चूक आहे,” आई म्हणाली आणि ती ऐकायला जवळ सरकून बसली.