डुक्कर संपल्यावरचं जेवण

पोर्तुगालच्या उत्तरेतल्या आमच्या पोंत द लीमात अशी बोलवा आहे की दोना फेलिस्मिनाने एका हिंदुस्थानी बाईला आपल्या खानावळीत कोंडून ठेवलं आणि पोट फुटेस्तोवर खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. बाजाराच्या दिवशी तर मी असंही ऐकलं की ती बाई खिडकीतून उडी मारून पळाली आणि म्हणून तिचा पाय मुरगळला.

सगळं उलटं आहे. पाय आधीच मुरगळला होता, जुन्या पुलाच्या दगडांवर. आणि कोंडलं गेलंच असेल कुणी, तर ती दोना फेलिस्मिना. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या तोंडामुळे. मी खानावळीच्या वरच्याच मजल्यावर राहते. त्या दोघींमधला शब्दन् शब्द माझ्या तोंडून गेला, कारण एकीला पोर्तुगीज येत नव्हतं आणि दुसरीला इंग्रजी. शिवाय मी आवाज काढते. पाद्रीबाबांचा, शाळेतल्या बाईंचा, कुणाचाही. दोना फेलिस्मिनाचा तर मी असा काढते की तिचं मांजर फसतं आणि खायला मागत माझ्याकडे येतं.

दोना फेलिस्मिना म्हणजे रुंद खांदे, आखूड मान आणि जिना चढताना गुडघ्यांना शिव्या देणारी बाई. जन्म वर डोंगरातल्या एका खेड्यातला. तरुणपणी फ्रान्सला गेली, तिथे एका शाळेच्या भटारखान्यात पातेली घासता घासता स्वयंपाकीण झाली, आणि नवरा वारल्यावर परत येऊन इथे खानावळ काढली. रविवारी तिच्याकडे डुकराच्या रक्तात शिजवलेला भात असतो, साराबुल्यू. त्यासाठी ब्रागाहून गाड्या येतात. दारासमोरच्या भिंतीत तिने निळ्या अक्षरांची एक फरशी बसवून घेतली आहे: इथून कुणी उपाशी उठत नाही.

तर त्या आठवड्यात कोमळवल्लीबाई लंगडत आत आल्या. सांतियागोच्या यात्रेला पायी जाणारे लोक आमच्या गावावरूनच जातात, त्यांतल्याच एक. तिरुनेलवेलीच्या. आयुष्यभर रेल्वेत तिकिटं तपासली. “दुसऱ्यांचे प्रवास पुष्कळ तपासले, आता म्हटलं आपला एक करावा,” असं त्यांनी मला सांगितलं. डॉक्टरने पाय टेकू नका म्हटलं होतं, म्हणून शेजारच्या घरात खोली घेतली होती आणि सोमवारपर्यंत इथेच मुक्काम होता. जेवायला म्हणजे आमची खानावळ. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, एवढं त्यांनी मला नीट समजावलं आणि मी दोना फेलिस्मिनाला नीट समजावलं.

“कळलं गं, मी काय बहिरी आहे?” असं म्हणून तिने हिरवं सूप आणून ठेवलं. वर शोरीसूची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, लालभडक चकती तरंगत होती.

“दोना फेलिस्मिना, मांस नको म्हणाल्या त्या.”

“हे मांस नाही. हे शोरीसू आहे. एक चकती. वासापुरती.” आणि तिने ती चकती दोन बोटांनी उचलली, स्वतःच्या तोंडात टाकली आणि वाडगा परत पुढे सरकवला. “झालं. आता नाही.”

कोमळवल्लीबाईंनी हात जोडले आणि पाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बाकाल्याव आला, खारवलेला सुका कॉड, बटाटे आणि कांद्यासकट.

“मासा नको म्हणाल्या होत्या.”

“मासा कुठे आहे?” दोना फेलिस्मिना खरंच इकडेतिकडे बघायला लागली. “मासा म्हणजे सार्डिन. मासा म्हणजे नदीतला. हा बाकाल्याव आहे. हा ख्रिसमसला खातात.”

हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा कोमळवल्लीबाई इतक्या हसल्या की पाय दुखला. पण खाल्ला नाहीच. तिसऱ्या दिवशी टोमॅटोचा भात आला. सुंदर होता, पळीवरून ओघळत होता. त्यांनी नुसता वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी दोना फेलिस्मिनाकडे बघितलं.

“हाड काढून टाकलंय,” ती म्हणाली. “शिजताना होतं फक्त.”

कोमळवल्लीबाईंनी पुन्हा पाव, ऑलिव्ह आणि एक संत्रं खाल्लं. उठताना म्हणाल्या, “यांना सांग, फार छान झालं, पोट भरलं.” मी सांगितलं. दोना फेलिस्मिनाने तो भात उचलून आत नेला. पोट भरल्याचं खोटं तिला लगेच ओळखू येतं, तोच तिचा धंदा.

टोमणा मारला तो सेन्योर आल्बानूंनी. ते पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्ल्यालाच टेकून असतात, पांढऱ्या वाडग्यातून लाल वाइन पीत. त्यांचा आवाज नाकातून येतो, प्रत्येक शब्दाला जणू तिकीट चिकटवलंय. “फेलिस्मिना, त्या फरशीवर पडदा लाव बाई एखादा. निदान सोमवारपर्यंत. बाईमाणूस उपाशी झोपतंय आणि समोर भिंत खोटं बोलतेय.”

सगळे हसले. मीसुद्धा हसले, जरा जास्तच.

दोना फेलिस्मिनाने हात पुसले. “ती या गावातून उपाशी गेली, तर ती फरशी मी स्वतः हातोड्याने काढीन. आणि तुकडे तुझ्या वाडग्यात घालीन, आल्बानू.”

आता हे तोंडातून गेलं, आणि ऐकायला अर्धी खानावळ होती. तिथून ती स्वयंपाकघरात शिरली आणि कोंडली गेली ती अशी. शनिवारी सकाळी मी डोकावले तर ओट्यावर एक एक वस्तू मांडून ती पुटपुटत होती: “यात चरबी. यात हाड. हे तेलात नाही, हे डुकराच्या चरबीत.” चेहरा असा, की घरात चोरी झाली आहे आणि चोर आपणच निघालो.

तिने मला पाठवलं, जा, तिला इकडे घेऊन ये, तीच सांगेल काय खाते ते. कोमळवल्लीबाई काठी टेकत आल्या आणि पिठाच्या पोत्याशेजारी स्टुलावर बसल्या. चरबीचे डबे बघितले, छताला टांगलेल्या डुकराच्या खारवलेल्या मांड्या बघितल्या, तोंड वाकडं केलं नाही. मग मला म्हणाल्या, “यांना विचार, लहानपणी वर्षाला किती डुकरं मारायचे घरी?”

“एक,” दोना फेलिस्मिना म्हणाली. “कसलं किती. सात पोरं आणि एक डुक्कर.”

“मग ते संपल्यावर काय खायचात?”

मी विचारलं. दोना फेलिस्मिना लाल झाली. मी तिला रागाने लाल होताना रोज बघते, हे लाल वेगळं होतं. तिने उगाच एक झाकण उचललं आणि परत ठेवलं.

“कोंबड्यांचं खाणं,” ती शेवटी म्हणाली. “मक्याचं पीठ रटरटवायचं. कोबीची पानं, शेंगांतले दाणे, असलं तर तेल. आई ढवळायची आणि आम्ही भोवती. फ्रान्समध्ये एकदा मी तिथल्या बायकांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मका तर आम्ही कोंबड्यांना घालतो. त्यानंतर नाही कधी सांगितलं कुणाला. हे तिला सांगू नकोस.”

मी सांगितलं. अर्थातच सांगितलं, आवाजासकट.

कोमळवल्लीबाई जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्याकडे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात. सकाळी तो, मीठ, ताक आणि हिरवी मिरची. पाहुणा दारात आला की आई पातेलं झाकायची. सगळं आयुष्य ते पातेलं झाकण्यात गेलं तिचं. मला अजून त्याच्यासारखं काही लागत नाही.”

हे ऐकून दोना फेलिस्मिनाने पोत्याचं तोंड उघडलं. ब्रोआच्या पावासाठी आणलेलं मक्याचं पीठच होतं त्यात. मग म्हणाली, “तिला विचार, तिखट चालतं का.”

“विचारायला कशाला हवं,” मी म्हटलं.

रविवारी खानावळ भरलेली. साराबुल्यूची मोठी पातेली नेहमीसारखी चुलीवर, पण कोपऱ्यातल्या शेगडीवर वेगळं, स्वच्छ घासलेलं काळं भांडं, ज्यात कधी हाड पडलं नव्हतं; ते तिने डोंगरातल्या बहिणीकडून मागवलं होतं. ती स्वतः ढवळत होती, दोन्ही हातांनी, गुडघ्यांना शिव्या देत. पीठ फुटफुटत होतं. लसूण ऑलिव्हच्या तेलात पडला तेव्हा बाहेरच्या टेबलांवरची बडबड जरा कमी झाली, हे मी या कानांनी ऐकलं.

ताट तिने स्वतः नेलं. पिवळंधमक पीठ, त्यात हिरवी पानं आणि पांढरे दाणे, वर तेलाची धार. शेजारी कोंबडीवर घालतो ती लाल मिरचीची बाटली. कोमळवल्लीबाईंनी बाटली उघडली, वास घेतला आणि बाटलीचा तळ दिसेपर्यंत ओतली. सेन्योर आल्बानूंनी छातीवर क्रॉसची खूण केली.

“पाद्रींना बोलावू का?” त्यांनी मला हळूच विचारलं.

मग कोमळवल्लीबाईंनी चमचा बाजूला ठेवला आणि हाताने सुरुवात केली. कुणीतरी खाकरलं. दोना फेलिस्मिनाने त्या दिशेला असं बघितलं की त्याचा खोकला कायमचा बरा झाला असावा. आमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्याही हे हातानेच खायच्या, एवढंच ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कोमळवल्लीबाई जेवत राहिल्या. जेवणारा माणूस खरंच जेवतो तेव्हा बोलत नाही. नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं, हात थांबला नाही. ताट चाटून पुसून झालं, मग मान वर केली आणि कुणाच्याही मदतीशिवाय, पहिल्यांदाच आमच्या भाषेत, एक शब्द म्हणाल्या: “आणखी.”

दोना फेलिस्मिना दुसरं ताट आणायला गेली ती धावत. त्या गुडघ्यांनी. त्यानंतर दुधातला दालचिनीचा भात झाला, तोही दोनदा. मग कोमळवल्लीबाईंनी खुर्चीला पाठ टेकली, पट्टा एक घर सैल केला आणि मोठ्ठी ढेकर दिली. खानावळीत टाळ्या पडल्या. सेन्योर आल्बानू वाडगा वर करून म्हणाले, “फरशी राहिली भिंतीवर, माझी वाइन वाचली.” दोना फेलिस्मिना गल्ल्यामागे उभी होती, कमरेवर हात, लग्नाच्या फोटोतसुद्धा ती इतकी ताठ नाही.

सोमवारी कोमळवल्लीबाई काठी घेऊन उत्तरेला निघून गेल्या. पिशवीत ब्रोआ आणि मिरचीची नवी बाटली.

मी म्हटलं, झालं, संपलं. पण दोना फेलिस्मिनाने खडूने दाराबाहेरच्या पाटीवर लिहिलं: रविवारी साराबुल्यू, आणि माझ्या आईचे मक्याचे. मला हसू आवरेना.

“दोना फेलिस्मिना, पाहुणी गेली. आता आपलेच लोक येणार. साराबुल्यू समोर असताना कोंबड्यांचं खाणं कोण मागेल?”

“लाव पैज.”

“लावली. एकाने जरी मागितलं तर वर्षभर रविवारच्या हिरव्या सुपासाठी कोबीची पानं मी चिरीन.”

“केसासारखी बारीक.”

“केसासारखी.”

रविवारी मी मुद्दाम गल्ल्याशीच बसले. पहिल्या टेबलाने साराबुल्यू मागितलं. दुसऱ्याने साराबुल्यू. मी दोना फेलिस्मिनाच्याच आवाजात तिला म्हणाले, “कळलं गं, मी काय बहिरी आहे?” ती आपली ढवळत राहिली.

तेवढ्यात सेन्योर आल्बानूंनी वाडगा खाली ठेवला, घसा साफ केला आणि कुणाकडेही न बघता, नाकातून, शब्दाशब्दाला तिकीट चिकटवत म्हणाले, “माझ्या आजीच्या हातचं असायचं तसं असेल तर मला दे ते पिवळं. थोडं. नको, थोडं नको.”

त्यांच्यामागून ब्रागाच्या एका टेबलाने ओरडून विचारलं, ते काय आहे, आम्हालाही. मग खिडकीजवळच्या म्हाताऱ्या जोडप्याने. काळं भांडं दुपारी रिकामं झालं आणि साराबुल्यूचं अर्धं पातेलं उरलं.

दोना फेलिस्मिनाने माझ्यासमोर कोबीच्या पानांची जुडी ठेवली, सुरी ठेवली, आणि मी पहिलं पान चिरल्यावर त्यातला एक तुकडा उजेडात धरून म्हणाली, “हा केस आहे? हा तर घोड्याचा शेपटा. पुन्हा.”