‘आमची आई लहानपणीच गेली’

"मावशी, ही तुमच्यासाठी," असं म्हणत पुण्याच्या बाईंनी माझ्या हातात साडी ठेवली.

मी कढईपुढे उभी होते. पुऱ्या तळत होते. माझ्या नातीचा, रेवाचा, साखरपुडा नुकताच झाला होता आणि या बाई तिच्या होणाऱ्या सासूबाई. मुद्दाम आत आल्या होत्या.

"माधवराव म्हणाले, त्यांची आई ते लहान असतानाच गेली. तुम्हीच हे घर सांभाळलंत. अशी माणसं आता मिळत नाहीत हो."

माधव माझा मुलगा. माझ्या पोटचा.

बाई वाईट नव्हत्या. मायेनेच बोलत होत्या. म्हणून तर जास्त लागलं.

मग एकेक गोष्ट उलगडली. सकाळी सुनेने मला लांब बाह्यांचं पोलकं काढून दिलं होतं. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गुदना आहे, लहानपणी आईने बाजारात बसवून गोंदवून घेतलेला. "एवढ्या गर्मीत हे?" मी विचारलं. "आज घालाच आई," ती म्हणाली. आणि माधव म्हणाला होता, "तू बाहेर येऊ नकोस. तुझं बोलणं पाहुण्यांना समजायचं नाही."

माझं बोलणं. मी झाशीकडच्या टहरौली गावाजवळच्या खेतात वाढले. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले. फौज संपली, त्यांनी नांगर धरला. घरात मराठी, बांधावर बुंदेली. दोन्ही माझ्या तोंडात एकदमच येतात. त्याची मला कधी लाज वाटली नाही. हरभरा उपटून हात सोलून निघायचे, त्याचीही नाही.

लग्न होऊन झाशीत आले. लक्ष्मी गेटच्या आत घर. नवरा कचेरीत कारकून. सासरच्यांचा नांगर कधीच सुटला होता, त्यामुळे सासू मला नावाने हाक मारत नसे. "ए खेतवाली." तीच सासू पुढे अंथरुणाला खिळली, तेव्हा माझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घेईना. मी भरवला. धुतलं, पुसलं. घरचं माणूस म्हणून केलं.

माधव शाळेत जायला लागला आणि हे गेले. अचानक. सासरच्या कुणी दार वाजवलं नाही. मी भावाला निरोप धाडला. तो टहरौलीहून म्हैस चालवत घेऊन आला. आंगनात बांधली. तेव्हापासून मी ओरछा गेटपर्यंत घरोघर दूध घातलं. थंडीत, उन्हाळ्यातल्या लूच्या झळांत. तापातसुद्धा. पहिला पेला माधवचा, मग गिऱ्हाइकांचा.

तो ग्वाल्हेरला शिकला. मोठा अधिकारी झाला. मोठ्या रस्त्यावर घर बांधलं आणि म्हणाला, "आई, आता शेण-गोठा बंद." मला वाटलं, पोरगा मला विसावा देतोय. साऱ्या गल्लीला सांगत सुटले.

विसावा कसला. तो मला पुसून टाकत होता.

बाई बाहेर गेल्या तशी मी गॅस बंद केला. साडी घेऊन हॉलमध्ये गेले आणि बाईंच्या मांडीवर ठेवली.

"ही परत घ्या. मी मावशी नाही. मी माधवची आई आहे."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "माधवराव?"

माधव हसला. माझा मुलगा हसला. "वय झालंय त्यांचं. कधीकधी असं काहीतरी बोलतात."

त्यांचं. जन्मभर मला तू म्हणणारा!

मी रेवाकडे पाहिलं. ही माझ्या कुशीत झोपून मोठी झाली. गोष्ट ऐकल्याशिवाय डोळा मिटायची नाही. मला वाटलं, ही तरी बोलेल. ती बांगड्या मागेपुढे करत राहिली. मान वर केली नाही. माधवने छातीत सुरी घातली असेल, पण आतपर्यंत गेली ती तेव्हा.

मी पोलक्याच्या बाह्या वर सरकवल्या. दोन्ही हात उघडे केले. सोफ्यावर जाऊन बसले, बरोबर पाहुण्यांच्या मध्ये.

"माधव, पान वाढ. मी इथेच जेवणार."

कुणी हललं नाही. मग मीच उठले, ताट वाढून आणलं आणि सगळ्यांसमोर जेवले. शेवटच्या घासापर्यंत. पुऱ्या गार झाल्या होत्या.

लग्न मोडलं नाही. अशी लग्नं मोडत नसतात. पाहुणे गेल्यावर माधव म्हणाला, "लग्नाला ये, पण बोलू नकोस. माझी आणखी शोभा करू नकोस." मी लग्नाला गेले नाही. दोन लुगडी पिशवीत घातली आणि टहरौलीची बस धरली.

भाऊ आता नाही. त्याची मुलगी कमल खेती बघते. ती बांधावरून धावत आली. "आत्या, किती वाळलीस गं," म्हणाली आणि पिशवी घेतली. का आलीस, विचारलं नाही. मी पुन्हा मटर तोडते, म्हशीखाली बसते. बसलं की उठवत नाही, पण बसते.

मागच्या थंडीत आजारी पडले. माधव गाडी घेऊन आला. "घरी चल आई. उद्या काही झालं तर? मुलगा असून तू इथे पडलेली. लोक काय म्हणतील?"

तेव्हा कळलं, काळजी कसली होती. माझ्या तापाची नव्हे. माझ्या तिरडीची.

"तुझी आई तर लहानपणीच गेली ना रे?" मी म्हटलं. "मग न्यायला कुणाला आलास?"

तो रडला. खरंच रडला. पूर्वी मी उठून पदराने तोंड पुसलं असतं. मी पडून राहिले. गाडी रिकामी गेली.

बरी झाल्यावर मी गावच्या जुन्या माणसांना आंगनात बोलावलं. कमलला शेजारी उभं केलं आणि सांगितलं, मी मेले की माधवला कळवा, यायचं तर येऊ दे, पण चितेला हात लावू द्यायचा नाही. आग ही देईल.

पंडितजी अस्वस्थ झाले. "बेटे के रहते बिटिया आग देगी?"

"देगी," मी म्हटलं. "तुम्हाला मंत्र म्हणायचे नसतील तर म्हणू नका, पंडितजी. लाकडं तशीही जळतात."